ड्राइव्ह एकीची, काम चौघींचं: कमी उंचीच्या संघाला मोशन ऑफेन्स कसा शिकवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतची एक शाळा, सतरा वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ. उंच मुलगी एकही नाही, लांबून बास्केट होत नाही, पण पाय सगळ्यांचे चपळ. क्रीडाशिक्षिकांनी पाच ठरावीक चाली पाठ करून घेतल्या, पण सामन्यात दुसऱ्या पासनंतर मुली गोंधळतात. आता ड्राइव्हवर (चेंडू ड्रिबल करत, म्हणजे जमिनीवर आपटत, रिंगकडे घुसणं) चालणारा मोशन ऑफेन्स, म्हणजे पाठ चालींऐवजी हालचालीच्या नियमांवर चालणारी हल्ल्याची पद्धत, बसवायची आहे, तर ड्राइव्ह सुरू झाली की रिंगखाली जत्रा भरते. मैदान उघड्यावरचं, पावसाळ्यात ओलं. सुरुवात कुठून करावी?

मॅडम, सुरुवात ड्रिबलपासून करू नका. रिंगखाली गर्दी होते त्यात ड्राइव्ह करणाऱ्या मुलीचा दोष फारच थोडा असतो. ती आत शिरली की बाकीच्या चौघी चेंडूकडे ओढल्या जातात, आणि येताना आपापल्या डिफेंडरलाही (आपल्याला अडवणाऱ्या समोरच्या संघातल्या मुलीला) सोबत घेऊन येतात. मग आत दोघींच्या जागी सहा-सात जणी होतात आणि चपळ पायांचा काही उपयोग राहत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे शिकवायचं ते चेंडू नसलेल्या चौघींना. ड्राइव्ह कशी मारायची हे त्यानंतर.

हा ऑफेन्स तुमच्यासारख्या संघाला का मानवतो तेही सांगतो. व्हान्स वॉलबर्ग या प्रशिक्षकाने तो कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथे शाळा आणि कॉलेजच्या पातळीवर घडवला. पुढे जॉन कॅलिपारी यांनी तो मेम्फिस विद्यापीठात नेला आणि तिथून तो जगभर पोचला. वॉलबर्गने या ऑफेन्सला दिलेल्या मूळ नावाचा अर्थच ‘हल्ला, हल्ला, पलीकडे पास, हल्ला, हल्ला’ असा होता. त्यातला ‘पलीकडे पास’ आणि त्याच्या पुढचा ‘हल्ला’ नीट लक्षात घ्या. पहिल्या ड्राइव्हने बास्केट झाली तर उत्तमच, पण तिचं खरं काम समोरच्या संघाची घडी विस्कटणं हे आहे. बास्केट बहुतेकदा दुसऱ्या ड्राइव्हवर होते, कारण तेव्हा समोरची डिफेंडर धावत येत असते. लांबून शॉट नसलेल्या संघाने तर हे गाठीच बांधायला हवं.

मैदानावर आधी खुणा

‘लांब राहा, पसरा’ असं ओरडून मुली पसरत नाहीत. जमिनीवर खूण हवी. प्रमाणित कोर्ट २८ बाय १५ मीटरचं, तीन गुणांची रेषा समोरून ६.७५ मीटरवर आणि कोपऱ्यात ६.६० मीटरवर. कोपऱ्यात ती रेषा आणि साइडलाइन यांच्यात फक्त ९० सेंटिमीटर जागा उरते. तेवढ्या पट्टीत दोन्ही पाय ठेवून, गुडघे वाकवून, हात तयार ठेवून उभं राहणं हे एक वेगळं कौशल्य आहे. पास घेताना अर्धं पाऊल मागे टाकायची सवय असलेली मुलगी इथे दर सामन्यात दोन-तीनदा चेंडू बाहेर घालवते. शाळेचं कोर्ट अरुंद असेल, आणि पुष्कळ ठिकाणी ते असतंच, तर तीन गुणांच्या रेषेचा विचार सोडा आणि कोपऱ्यातल्या मुलीला साइडलाइनपासून एक पाऊल आत उभी करा.

चुन्याने हातभर रुंदीची सहा वर्तुळं काढा. दोन कोपऱ्यांत. दोन वरती, रिंगच्या सरळ रेषेच्या डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटरवर, तीन गुणांच्या रेषेच्या एक पाऊल बाहेर. या जागांना आपण ‘खांदा’ म्हणू. उरलेली दोन बाजूच्या विंगवर, म्हणजे कोपरा आणि खांदा यांच्या मधोमध. जांभ्यावर किंवा लाल मातीवर गेरू उठून दिसत नाही, चुनाच लागतो, आणि दवाने किंवा सरीने तो पुसला की पुन्हा मारावा लागतो. सिमेंटचं कोर्ट असेल तर ऑइलपेंटने एकदाच काढून टाका.

आता अंतरं बघा. दोन खांद्यांमधलं अंतर सुमारे ५ मीटर. खांदा ते त्याच बाजूचा कोपरा सुमारे साडेसात मीटर, आणि मधल्या विंगवर कुणी नाही. हा साडेसात मीटरचा मोकळा पट्टा म्हणजे तुमचा दरवाजा. कोपऱ्यातली डिफेंडर आपली मुलगी सांभाळून तो दरवाजा बंद करू शकत नाही. दोन्हींपैकी एक तिला सोडावंच लागतं. पण तुमची कोपऱ्यातली मुलगी कंटाळून दोन पावलं वर सरकली की हाच पट्टा अरुंद होतो आणि तीच डिफेंडर दोन्ही कामं करू लागते. सराव बघताना तुमची नजर चेंडूवर नको, त्या कोपऱ्यावर हवी.

मांडणी: १ नंबर उजव्या खांद्यावर, ४ नंबर डाव्या खांद्यावर, २ उजव्या कोपऱ्यात, ३ डाव्या कोपऱ्यात. ५ नंबर, म्हणजे पोस्ट (रिंगजवळ खेळणारी मुलगी), चेंडूच्या विरुद्ध बाजूला, पेंटच्या बाहेर, बेसलाइनपासून दोन पावलांवर. पेंट म्हणजे रिंगसमोरचा ४.९ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब आयत. पोस्टने त्यात पाय ठेवून वाट बघायची नाही. तीन सेकंदांचा नियम तर आहेच, शिवाय ती आत उभी राहिली की तिची डिफेंडर फुकटात रिंगची राखण करते.

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, सामने बघून शिकवणाऱ्यांची इथे एक गफलत होते. तिथे बचाव करणाऱ्यालाही पेंटमध्ये विनाकारण तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्याकडे चालणाऱ्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत बचावावर असं बंधन नाही. समोरची उंच मुलगी सगळा सामना रिंगखाली ठाण मांडून उभी राहू शकते. म्हणून तुमची पोस्ट विरुद्ध बाजूला आणि पेंटबाहेर हवी. त्या उंच मुलीला निदान चार पावलं चालत तरी यावं लागेल.

ड्राइव्ह सुरू झाल्यावर चौघींनी काय करायचं

नियम मोजके आणि न बदलणारे ठेवा. दोन प्रकारच्या ड्राइव्ह धरायच्या: मधल्या भागातून जाणारी, आणि विंगवरून बेसलाइनच्या कडेने जाणारी.

खांद्यावरून मधल्या भागात ड्राइव्ह झाली, समजा १ नंबर उजव्या बाजूने आत निघाली, तर २ नंबर कोपऱ्यातच राहील. हलायचंच असेल तर बेसलाइनकडे, खाली. चेंडूकडे कधीच नाही. ४ नंबर १ च्या रिकाम्या जागेमागे येईल, चेंडूपासून चार-पाच मीटर मागे. तिला मी ‘पाठराखण’ म्हणतो. ड्राइव्ह अडली तर चेंडू तिच्याकडे परत येतो आणि चेंडू हातचा गेला तर मागे धावणारी पहिली मुलगी तीच. ३ नंबर डाव्या कोपऱ्यातून विंगपर्यंत वर येईल, कारण ४ ने जागा सोडली आहे आणि ड्राइव्ह करणारीला मान वळवली की कुणीतरी दिसायला हवं. पोस्ट बेसलाइनला समांतर एक पाऊल बाहेर सरकून तयार राहील, दोन्ही तळवे चेंडूकडे.

बेसलाइनने ड्राइव्ह झाली तर उलट. पोस्ट वर येते, पेंटच्या मध्यावर, फ्री थ्रो रेषेच्या दिशेने. पलीकडच्या कोपऱ्यातली मुलगी बेसलाइनच्या अगदी जवळ खाली जाते, म्हणजे बोर्डाखालून जाणारा सरळ पास तिला मिळतो. खांद्यावरची एक पलीकडच्या विंगवर उतरते आणि दुसरी पाठराखणीला येते. बेसलाइनच्या ड्राइव्हमध्ये बोर्डाखालून पलीकडच्या कोपऱ्यात जाणारा पास हा सगळ्यात जास्त मोकळा असतो, आणि शाळेच्या संघांत सगळ्यात कमी दिला जातो. कारण साधं आहे: तिथे कुणी गेलेलंच नसतं.

हे शिकवताना पहिले तीन-चार दिवस समोर बचाव ठेवूच नका. तुम्ही स्वतः चेंडू घेऊन चालत ड्राइव्ह करा, चौघी हलतील, तुम्ही टाळी वाजवली की सगळ्या जागीच थिजतील. मग एकेकीला विचारा: ‘तुझा पाय खुणेवर आहे का? मला तू दिसतेस का?’ उजवीकडून दहा, डावीकडून दहा, बेसलाइनने दोन्हीकडून दहा-दहा. चालत जमलं की धावत. सगळ्या मुलींना पाचही जागा फिरवा, कारण मोशनमध्ये दहा सेकंदांत कोण कुठे असेल ते सांगता येत नाही. पाठ केलेल्या चालीत मुली गोंधळत होत्या त्याचं कारण हेच होतं. एक पास चुकला की पुढचं पान हरवायचं. इथे पानच नाही, फक्त ‘चेंडू इकडे गेला तर मी तिकडे’ एवढंच.

एक ड्राइव्ह जवळून

आता एकच ड्राइव्ह सावकाश बघू. १ नंबर उजव्या खांद्यावर आहे. तिची डिफेंडर हातभर अंतरावर. १ ने डाव्या खांद्याने छोटी हूल दिली आणि उजवा पाय डिफेंडरच्या पायाच्या बाहेर, तिच्या कमरेच्या रेषेत टाकला. इथे दोन गोष्टी ठरतात. पहिली, चेंडू जमिनीला कधी लागला. उभ्या स्थितीतून निघताना पिव्हटचा, म्हणजे वळताना जमिनीवर टेकून ठेवायचा, पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, नाहीतर पंच ट्रॅव्हल (चेंडू हातात धरून पाय हलवल्याची चूक) देतील. चपळ मुलींचा हा सर्वांत मोठा रोग. मन पुढे धावतं, पाय उचलतो, चेंडू हातातच. उपाय: महिनाभर रोज वीस वेळा नुसतं ‘चेंडू आधी, पाय नंतर’, समोर कुणी नसताना.

दुसरी गोष्ट म्हणजे वाट. तिचा खांदा डिफेंडरच्या कमरेला घासून गेला पाहिजे. केळ्यासारखी वळसा घेऊन गेलेली ड्राइव्ह म्हणजे डिफेंडरला दिलेली दोन पावलांची भेट. रिंगपर्यंत मोठ्या मुलींना दोन ड्रिबल पुरतात, तुमच्या मुलींना तीन द्या. चौथा ड्रिबल झाला की शिट्टी. या मर्यादेमुळे इकडून तिकडे नुसता चेंडू नाचवणं आपोआप थांबतं.

दुसऱ्या ड्रिबलला ती पेंटच्या काठावर आहे. आता नजर रिंगवर नको. नजर पहिल्या मदतनीस डिफेंडरच्या पायांवर. पाय न हललेले दिसले तर थेट लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन घेतलेला शॉट. पोस्टची डिफेंडर पलीकडून पाऊल टाकून आली तर पोस्ट मोकळी. तिला बाउन्स पास (जमिनीवर टप्पा देऊन), वरून नको, कारण उंच मुलीचे हात वर असतात. कोपऱ्यातल्या २ नंबरची डिफेंडर आत सरकली तर पास कोपऱ्यात. दोन्हीकडून वाट बंद असेल तर दोन पायांवर थांबायचं, पिव्हट करायचा आणि मागे पाठराखणीला पास.

दोन पायांवर थांबणं या सगळ्या ऑफेन्सचा कणा आहे. एका पायावर उडी घेऊन हवेत पास शोधणारी मुलगी दर सामन्यात पाच-सहा चेंडू समोरच्यांच्या हातात देते, वर आक्रमक फाउलही ओढवून घेते. रिंगखालच्या अर्धवर्तुळात, म्हणजे १.२५ मीटर त्रिज्येच्या आत, उभ्या डिफेंडरला धक्का लागला तर चार्जिंग, म्हणजे हाच आक्रमक फाउल, देत नाहीत, पण त्याच्या बाहेर देतात. आणि शाळेच्या कोर्टवर ते अर्धवर्तुळ पुष्कळदा काढलेलंच नसतं. सामन्याआधी पंचांना विचारून घ्या.

तुमच्याकडच्या मुलींची एक खास अडचण. कोकणात बहुतेक मुली आधी कबड्डी खेळलेल्या असतात. त्याचा फायदा मोठा आहे. चढाईला जाणाऱ्या मुलीला हूल, खाली बसलेली कंबर आणि समोरच्याच्या पायांवरची नजर शिकवावी लागत नाही. पण चढाईत आत जाऊन परत फिरायचं असतं. तीच सवय इथे येते: मुलगी पेंटपर्यंत जाते आणि ड्रिबल करतच उलटी बाहेर येते. तेवढ्यात बचाव पुन्हा जागेवर. तिला स्पष्ट सांगा: ‘इथे परत यायचं नाही. आत गेलीस तर थांब, वळ आणि चेंडू बाहेर पाठव. चेंडू परत येईल, तू नाही.’

दुसरी ड्राइव्ह

आता २ नंबरला कोपऱ्यात पास मिळाला. तिची डिफेंडर आत मदतीला गेली होती, ती आता बाहेर धावत येते आहे. हा एक क्षण संपूर्ण ऑफेन्सची कमाई आहे आणि बहुतेक संघ तो उधळतात. मुलगी चेंडू घेते, छातीशी धरते, सरळ उभी राहते, इकडेतिकडे बघते. दीड सेकंद गेला, डिफेंडर येऊन बसली.

अर्ध्या सेकंदात ठरवायचं: शॉट, ड्राइव्ह किंवा पास. त्यासाठी चेंडू येण्याआधीच गुडघे वाकलेले आणि पाय रिंगकडे वळलेले हवेत. धावत येणाऱ्या डिफेंडरचा एक पाय पुढे असतो. त्याच पायाच्या बाजूने जायचं. पुढचा पाय मागे घेऊन कंबर वळवायला तिला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तुमची मुलगी खांदा पुढे काढते. डिफेंडर तीन पावलं दूरच थांबली तर शॉट. तुमच्या मुलींना तीन गुणांच्या रेषेवरून जमत नाही म्हणता, तर शॉटची हद्द चार-साडेचार मीटरवर आणा. पण उभं राहायची खूण रेषेबाहेरच ठेवा. जागा रुंद राहू दे, शॉट एका ड्रिबलनंतर आतून घेऊ दे.

लांबचा शॉट नसला की बचाव आत गोळा होतो, हे मान्य. मग त्याचा तोटाही त्यांना भोगायला लावा. विंगवरच्या मुलीची डिफेंडर पाठ फिरवून चेंडूकडे बघत आत सरकली की ती मुलगी तिच्या पाठीमागून रिंगकडे धावेल. ड्राइव्ह करणारी थांबली आहे, दोन पायांवर, तिला हा कट समोरून दिसतो. या कटला एकच अट: एका वेळी एकच मुलगी आत. दुसरी निघाली की पुन्हा जत्रा.

सरावाची बांधणी

रोज नव्वद मिनिटं मिळतात असं धरतो. पहिली पंधरा मिनिटं पायांची: दोन पायांवर थांबणं, दोन्हीकडे पिव्हट, ‘चेंडू आधी, पाय नंतर’. पुढची पंधरा लेअपची. डाव्या हाताने जितके उजव्याने तितकेच, बोर्डावरच्या छोट्या आयताचा वरचा कोपरा हे लक्ष्य, आणि निम्मे लेअप दोन पायांवर थांबून. समोर तुम्ही हातात जुनी पाटी किंवा उशी धरून उभ्या राहा आणि हलका धक्का द्या. नाहीतर सरावात दहापैकी नऊ आणि सामन्यात तीन असा प्रकार होतो.

मग छोट्या गटांत. एकास एक: डिफेंडर रिंगखाली चेंडू घेऊन, ती खांद्यावरच्या मुलीला पास देते आणि तिच्यावर धावून जाते. तीन ड्रिबल, पाच सेकंद. मग दोनास दोन, एक खांद्यावर आणि एक कोपऱ्यात. यात डिफेंडरना मोकळीक द्या. कोपऱ्यातली हवं तर मदत करेल, हवं तर नाही. तिला आधी सांगून ठेवलंत की ‘मदत कर’, तर ड्राइव्ह करणारी मुलगी वाचायला शिकत नाही, फक्त कोपऱ्यात पास टाकायला शिकते. पाठ केलेल्या चालीचं तेच दुखणं वेगळ्या वेषात परत येतं.

शेवटी चारास चार, पोस्टशिवाय, किमान पंचवीस मिनिटं. पोस्टची भर चौथ्या आठवड्यात घाला. गुण असे ठेवा: पहिल्या ड्राइव्हवर बास्केट झाली तर एक, चेंडू बाहेर जाऊन दुसऱ्या ड्राइव्हवर झाली तर तीन, चेंडू पेंटमध्ये न जाता शॉट घेतला तर बास्केट होऊनही शून्य. मुलींना भाषणाने जे पटत नाही ते फळ्यावरच्या गुणांनी दोन दिवसांत पटतं.

फ्री थ्रो शेवटी दमलेल्या अवस्थेत, प्रत्येकी दहा, दोन-दोनच्या जोडीत. हे वरवरचं काम समजू नका. ड्राइव्ह करणाऱ्या संघाला फाउल मिळतात, आणि एका क्वार्टरमध्ये समोरच्यांचे चार सांघिक फाउल झाले की पाचव्यापासून शॉट नसतानाही दोन फ्री थ्रो मिळतात. कॅलिपारींचा मेम्फिस संघ २००८ च्या एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज स्पर्धा) अंतिम सामन्यात याच ऑफेन्सवर पोचला, शेवटच्या दोन-सव्वादोन मिनिटांत नऊ गुणांनी पुढे होता, मग फ्री थ्रो चुकवत गेला आणि कॅन्ससविरुद्ध जादा वेळेत ७५–६८ असा हरला.

झोन बचाव समोर आला तर

शाळांच्या स्पर्धेत दोन-तीनचा झोन (वरती दोघी, खाली तिघी, प्रत्येकीने मुलगी नव्हे तर जागा राखायची) हमखास भेटेल, विशेषतः तुमच्या मुली दोनदा आत घुसल्या की लगेच. घाबरायचं कारण नाही, पण ड्राइव्हचं लक्ष्य बदलतं. माणसामागे माणूस असताना आपण एका डिफेंडरला हरवून जातो. झोनमध्ये दोघींच्या मधल्या फटीत जायचं, रिंगपर्यंत पोचायचा हट्ट न धरता. फटीत दोन ड्रिबल मारून दोन पायांवर थांबलं की दोघी जणी एका चेंडूवर येतात, म्हणजे उरलेल्या तिघींना चौघींवर लक्ष ठेवायचं आहे. पास ताबडतोब शेजारच्या मुलीला, तिने पुन्हा पुढच्या फटीत.

मांडणीत एकच बदल: पोस्टला बेसलाइनवर, झोनच्या मागे ठेवा, जिथे खालच्या तिघींना ती दिसत नाही. आणि ड्राइव्ह विंगवरून, वरची एक आणि खालची एक यांच्या मधून करा. वरच्या दोघींच्या बरोबर मधून, टॉपवरून केलेली ड्राइव्ह मधल्या उंच मुलीच्या मिठीत जाते. मुलींना ती वाट सरळ दिसते म्हणून त्या तीच निवडतात. चारास चारच्या सरावात ती बंदच करा.

झोनविरुद्ध लांबचा पलीकडचा पास मोलाचा असतो, पण उघड्या मैदानावर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की पंधरा फुटांपेक्षा लांब तरंगता पास भरवशाचा राहत नाही. दोन छोटे पास द्या. स्पर्धेच्या मैदानावर पोचलात की वॉर्मअपमध्येच कुठल्या कोपऱ्यातून वारा येतो ते बघून घ्या.

पावसाळ्यातलं काम

लावणीच्या दिवसांत निम्म्या मुली शेतावर, गणपतीत सगळा गाव घरात, हे धरूनच वेळापत्रक करा. या ऑफेन्सचा मोठा हिस्सा चेंडू आणि रिंगशिवाय शिकवता येतो, ही तुमच्यासाठी सोय आहे. शाळेच्या सभागृहात किंवा मोठ्या पडवीत खडूने निम्म्या मापाचं कोर्ट काढा, सहा खुणा काढा आणि चालत फिरवा. पिव्हट, दोन पायांवर थांबणं, धावत येऊन डिफेंडर म्हणून कंबर खाली बसवणं, बाउन्स पास, हे सगळं पंधरा बाय वीस फुटांत होतं. गुळगुळीत फरशीवर वेगाने ड्राइव्ह मात्र नको, पाय ओला असला की गुडघाच जातो.

पाऊस उघडल्यावर मैदानावर जाण्याआधी शेवाळ काढा: ब्लीचिंग पावडर, ताठ ब्रश, भरपूर पाणी, आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणालाही धावू देऊ नका. जांभ्याची बारीक लाल वाळू पायाखाली आली की दोन पायांवर थांबणं अशक्य होतं, मुलगी घसरत दोन वीत पुढे जाते आणि पंच ट्रॅव्हल देतात. रोज सरावाआधी माडाच्या हिरांच्या खराट्याने पेंट आणि दोन्ही खांदे झाडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. खाऱ्या हवेने रिंगचे बोल्ट गंजून ढिले होतात, तेही तपासा, आणि टेपने उंची मोजा. जमिनीपासून ३.०५ मीटर हवी. भराव खचलेल्या मैदानावर ती दोन्ही टोकांना वेगवेगळी निघते आणि मुलींचा लेअप एका बाजूला लागतो, दुसरीकडे नाही.

पहिल्या सामन्यांत काय मोजायचं

गुणांवरून काही कळणार नाही, सुरुवातीला हराल. राखीव मुलींपैकी एकीला वही द्या. आपला प्रत्येक ताबा म्हणजे एक ओळ, आणि तीन रकाने. चेंडू पेंटमध्ये गेला का. तिथून बाहेर येऊन पुन्हा ड्राइव्ह झाली का. चेंडू हरवला असेल तर कसा: हवेत उडी मारून, दोघींच्या मध्ये शिरून, की ट्रॅव्हल.

पहिला रकाना निम्म्याहून जास्त ओळींत रिकामा असेल तर मुली घाबरून बाहेरच पास फिरवत आहेत. पुढच्या आठवड्यात एकास एक वाढवा. पहिला भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर दोनच शक्यता: आत जाणारी थांबत नाही, किंवा बाहेरच्या तयार नाहीत. वही लिहिणाऱ्या मुलीला विचारा, तिने बाहेरून पाहिलेलं असतं. तिसऱ्या रकान्यात ‘दोघींच्या मध्ये’ वारंवार दिसलं तर ड्राइव्ह करणारीला काही बोलू नका. त्या वेळी कोपऱ्यातली कुठे उभी होती ते आधी तपासा, आणि चुन्याची खूण पुसली गेली असेल तर पुन्हा काढा.